खालून वर वाचायचा दगड

८ मार्च २०२५, शनिवार

गुलाब दिला आणि पेपर काढून घेतला. एकाच टेबलावर, एकाच हातानं.

महिला दिन, म्हणून प्राचार्यांनी कॉलेजातल्या सगळ्या बायकांना केबिनमध्ये बोलावून एकेक फूल दिलं. फोटो झाला. मी निघाले तर म्हणाले, "सौदामिनी मॅडम, थांबा जरा." मग कळलं. 'मध्ययुगीन दख्खन' हा माझा पेपर जूनपासून बंद करायचा विचार आहे. वर्गात पोरं मोजकीच, आणि ती खोली 'नीट' परीक्षेच्या अभ्यासिकेला हवी आहे. "मॅडम, लातूरला लेकरं डॉक्टर व्हायला येतात. दगड वाचायला नाही."

मी म्हणाले, "सर, डॉक्टर झालेल्यालाही कधीतरी कळावं लागतं की आपण कुठल्या गावचे."

हसले. म्हणाले, "तुमची जूनची ऑर्डर निघायची आहे अजून. बघा." तासिका तत्त्वावरच्या माणसाला 'बघा' एवढं म्हटलं की पुरतं. अकरा वर्षं झाली, दर जूनला मी बघतेच आहे!

गुलाब स्टाफरूममधल्या पाण्याच्या जारवर ठेवून आले. घरी आणायची इच्छा झाली नाही.

९ मार्च, रविवार

नांदेडहून आईचा फोन. "पर्मनंटचं काय झालं?" — नमस्काराच्या जागी हल्ली हेच. पेपरचं सांगितलं नाही. तरी म्हणालीच, "दगडांच्या मागं फिरून पगार वाढला असता तर पाथरवट बंगल्यात राहिले असते."

आईचं उत्तर देता येत नाही. फोन ठेवून मी पुढच्या रविवारचं ठरवलं.

१६ मार्च, रविवार

येळंबवाडी. औशाच्या पुढं फाट्यावर उतरून जीप. 'दगडवाचन' म्हणून मी रविवारी जो येईल त्याला घेऊन गावोगाव जाते — कुणी पोरं, कुणी निवृत्त मास्तर, एक औषध दुकानवाले. आज मिळून सात जण. शिवकन्या होतीच, तिचंच गाव. टी.वाय.ची पोरगी, वर्गात सगळ्यात मागं बसते आणि सगळ्यात पुढचं विचारते.

गावात आडाजवळ धुण्याचा एक दगड आहे. तो वीरगळ आहे. सातशे-आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी गावाची गुरं सोडवताना मेला, त्याचा दगड. आता त्याच्यावर गोधड्या आपटतात. बाया म्हणाल्या, "सरका जरा, धुणं ऱ्हायलंय." मी म्हटलं, तुमचंच एक बादली पाणी द्या. पाणी ओतलं, ऊन तिरपं होतंच, आणि कोरीव काम वर आलं. सगळ्या वाकून बघायला लागल्या.

मी शिकवलं ते एवढंच — हा दगड पुस्तकासारखा वरून खाली नाही वाचायचा, खालून वर वाचायचा. खालच्या चौकटीत तो मेला तो प्रसंग, गायी आणि लढाई. मधल्या चौकटीत त्याला अप्सरा घेऊन चालल्यात. वर तो महादेवापुढं हात जोडून बसला आहे. आणि सगळ्यात वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याचं नाव आहे. अक्षर लागत नाही, इंग्रजी लागत नाही.

शिवकन्याची आई, तुळजाबाई, हातातला पिळा तसाच धरून म्हणाली, "म्हंजे मेलेल्या माणसावर आमी गोधड्या बडवून राहिलो व्हय?" मग तिनं बोट ठेवून स्वतः वाचून दाखवला. गायी. तलवार. पोरी. महादेव. एक चूक नाही.

मग म्हणाली, "बाईचा आसतो का आसा दगड?"

सांगितलं, सतीचा असतो. बांगड्या भरलेला हात कोरलेला.

"म्हंजे जळाली तर दगड. आन् लढली तर?"

मी म्हणाले, क्वचित. फार क्वचित. मी तरी पाहिलेला नाही.

"मंग धुणं करू द्या," म्हणाली. पण तो दगड सोडून धुण्याला दुसरा घेतला. शिकवण्याचं असं फळ मला वर्गात कधी मिळालं नाही.

१७ मार्च, सोमवार

एक विचारायचं राहून गेलं. वेशीतल्या मारुतीशेजारच्या लिंबाला हिरव्या बांगड्या लटकतात. नव्या नवऱ्या बांधतात म्हणे. ब्रह्मचाऱ्याला चुडा कशाला? शिवकन्याला विचारलं. "बांधायच्या असतात, मॅडम." बरं.

२४ मार्च, सोमवार

येळंबवाडीचे यात्रा कमिटीचे अध्यक्ष कॉलेजात आले होते. संगमेश्वर. पांढरा शर्ट, दोन मोबाईल, बोलायला गोड. त्यांच्या मारुतीची शेंदराची खोळ तडकली आहे. पिढ्यान्‌पिढ्या एकावर एक चढलेला शेंदूर, हातभर जाड झालेला, त्यावर चांदीचे डोळे. ती खोळ आपण होऊन तडकली की मोठी गोष्ट. देव जुना अंगरखा टाकतो. ती उतरवून तेरणा नदीत सोडायची, मूळ रूपाचं दर्शन करायचं आणि मग नवा शेंदूर. हनुमान जयंतीलाच करणार आहेत.

"मॅडम, त्या दिवशी तुमचं भाषण ठेवायचंय. मारुती किती जुना हाय ते सांगा. 'क' वर्ग तीर्थक्षेत्राचा प्रस्ताव टाकलाय. रस्ता हुईल, सभामंडप हुईल."

मला भाषणाला कुणी स्वतःहून बोलावलेलं हे पहिलंच गाव! हो म्हणाले. वर विचारलं, खोळ निघाल्यावर मला जवळून बघता येईल ना? ते खाली बघून म्हणाले, "बायामाणसं वट्यावर चढत न्हाईत, मॅडम. मारुतीचा हाय ना. तुमाला खालून दाखवू."

३० मार्च, रविवार, पाडवा

पुन्हा येळंबवाडी. आज बाया आधीच आडावर जमल्या होत्या. शाळेच्या फाटकाशी बसायला टाकलेला आणखी एक वीरगळ त्यांनीच शोधून ठेवला होता. मी बोललेच नाही, त्यांनीच वाचला. एकीनं अप्सरांना करवल्या म्हटलं. चालेल.

११ एप्रिल, शुक्रवार

येळंबवाडीत, शिवकन्याच्या घरी. जेवायच्या आधी लिहून टाकते.

दुपारी खोळ उतरवली. गुरव मडिवाळप्पा, म्हातारे, बापामागून तेच मारुतीचं करतात. उघडा देव बघू नये म्हणून तोंड फिरवून, नुसत्या हातांनी चाचपत त्यांनी ती सुटी केली. तव्यावरून भाकरी उतरवावी तशी अलगद. लगेच पडदा टाकला. आता उद्या सूर्योदयालाच पडदा निघणार.

मी ओट्याखाली. वीरगळांवर पीएच.डी. केलेली बाई, आणि मला पायरी बंद! संगमेश्वरांना म्हटलं, निदान फोटो तरी काढून आणा. ते मोबाईल घेऊन पडद्यात शिरले. बाहेर आले आणि मोबाईल माझ्या हातात दिला. निम्म्या फोटोंत त्यांचा अंगठा. पण एक स्वच्छ होता.

मारुती नाही. वीरगळ आहे. पुरुषभर उंच. खाली गायी, पुढं घोडा, घोड्यावर तलवार उगारलेली व्यक्ती. मानेवर अंबाडा. उघड छाती. उगारलेल्या हातात कोपरापर्यंत बांगड्या. शंकेला जागाच नाही — बाई आहे. मधल्या चौकटीत अप्सरा तिलाच नेताहेत. वर महादेवापुढं तीच.

मला रडू आलं. तिथंच, चपलांच्या ढिगाशेजारी. इतकी वर्षं असले दगड वाचते आहे, ही मला पहिल्यांदा भेटली. आणि लिंबाच्या बांगड्या! कुणालाच कारण ठाऊक नाही, कुणी विचारलं नाही, पण बांधायचं कुणी सोडलंही नाही.

संगमेश्वर म्हणाले, "मॅडम, मारुती म्हणा. येवढंच. लई जुना मारुती."

"मारुतीला अंबाडा असतो?"

"उद्या दर्शन झालं की शेंदूर लागतोय. मंग कुणाला काय दिसणार हाय?"

माणूस वाईट नाही. त्यांना गावाला रस्ता हवा आहे, पावसाळ्यात जीप येत नाही. पण अर्ध्या तासात प्राचार्यांचा फोन! संगमेश्वरांचे मामेभाऊ आमच्या संस्थेवर आहेत, हे मला आजच कळलं. "मॅडम, गाव म्हणतं ते म्हणा. भावनेचा प्रश्न आहे. जून जवळ आलाय."

मी म्हणाले, "बघते, सर."

मारुती मी म्हणणार नाही. मरू दे ती ऑर्डर. लढून मेलेल्या बाईला मी मिशा लावणार नाही. पण 'हा मारुती नव्हे' असं लातूरच्या बाईनं माईकवरून सांगितलं, तर उद्या गाव म्हणेल, बाहेरची आली आणि देव पळवला. तेही खरंच ठरेल.

बाहेर तुळजाबाई पोळ्या लाटते आहे. तिच्याकडं बघता बघता सुचलं. मी सांगायचंच कशाला?

१२ एप्रिल, शनिवार

सूर्य उगवला, पाळणा झाला, फुलं पडली, पडदा निघाला. ओट्यावर गडीमाणसं, खाली बाया. बायांना उलट जास्त नीट दिसत होतं. ऊन तिरपं होतं.

संगमेश्वरांनी माईक दिला. "आता मॅडम आपल्या प्राचीन मारुतीविषयी —"

मी म्हणाले, "मी काही सांगणार नाही. तुम्हाला येतं. आडावरचा दगड वाचलात, शाळेचा वाचलात. हा तसाच आहे. खालून वर वाचा."

मग तुळजाबाईनं पदर खोचला. तिला माईक लागत नाही.

"गायी," ती म्हणाली. मागून चार-पाच जणी म्हणाल्या, "गायी."

"घोडा." "घोडा."

"तलवार." "तलवार."

संगमेश्वर माझ्या हातातला माईक हळूच ओढत होते. मी सोडला, आता त्याचं काम नव्हतं. मागच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "केस बांधल्याले हायत की."

तुळजाबाई म्हणाली, "बाई हाय. लढून मेलेली बाई हाय ही." आणि थांबली नाही. पुढच्या चौकटीवर गेली. करवल्या. महादेव. चंद्र-सूर्य. शेवटी म्हणाली, "बसली बघ वर." आणि हात जोडले.

मडिवाळप्पा शेंदूर-तेलाचं पातेलं घेऊन दगडाशीच उभे होते. त्यांनी वळून दगडाकडं पाहिलं. जवळून, वरपासून खालपर्यंत. मग पातेलं ओट्यावर ठेवलं, पायऱ्या उतरले, आणि सरळ घरी गेले.

शेंदूर लागलाच नाही. दगडाला पांढरं धोतर गुंडाळलं. पंगत झाली, पण गव्हाची गोड हुग्गी वाढताना कुणी आग्रह केला नाही. माझ्या मागं कुणीतरी म्हणालं, "दगडवालीनं देव घालवला." मी ताटातलं सगळं संपवून उठले. टाकून उठले असते तर भ्याली म्हणाले असते.

१३ एप्रिल, रविवार

प्राचार्य, फोनवर: "जूनपासून येऊ नका." मी म्हणाले, लेखी द्या. म्हणाले, "ऑर्डरच नाही तर रद्द काय करू?"

हे मात्र खरं. मला साधं काढून टाकायलासुद्धा कागद लागत नाही!

१६ एप्रिल, बुधवार

शिवकन्याचा फोन. ओट्यावर दिवा नाही. दगड कोरडा, धोतरात. कमिटी म्हणते, शेंदूर लावा आणि विषय संपवा. पण लावायचा गुरवानं, आणि मडिवाळप्पा दार लावून बसलेत. कुणाला कारण सांगत नाहीत. गाव म्हणतं, देव गेला म्हणून म्हाताऱ्यानं हाय खाल्ली. दोन घरांनी तुळजाबाईला हळदी-कुंकवाला बोलावलं नाही.

मी खोटं बोलले नाही. एक शब्द खोटा बोलले नाही. मग मला गुन्हा केल्यासारखं का वाटतंय? नोकरीचं मी सोसेन. पण त्या म्हाताऱ्याचं सगळं आयुष्य त्या ओट्यावर गेलंय, आणि मी ते खालून वर वाचायला लावलं.

शनिवारी जाते. शिव्या खायच्या तर तोंडावर खाव्यात.

१९ एप्रिल, शनिवार

मडिवाळप्पा ओसरीवर पाठ टेकून बसले होते. त्यांची बायको, कमलम्मा, मला बघून म्हणाली, "बरं झालं आलाव. तवापासून धड जेवले न्हाईत." आणि पाणी आणायला आत गेली.

मी म्हणाले, "आप्पा, राग असेल तर बोला."

"राग कशाचा? तुमी कुटं काय सांगितलं? बायांनी वाचलं. हाय ते हाय." मग आत कमलम्माला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "पर मला सांगा बाई. माझ्या बापानं केलं, मी केलं. दर शनिवारी आंगाला तेल. ह्या हातानं. परक्या बाईच्या आंगाला."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघितल्यावर हसू विरलं. देव गेल्याचं दुःख नव्हतंच. माणूस लाजेनं घरात बसला होता!

"मारुती समजून केलं, त्ये माफ. म्हादेव माफ करंल. आता डोळ्यानं बगितल्यावर कसा हात लावू? माझी बहीण आसती तर लावला आसता का?"

"मग आप्पा, कुणी करायचं तिचं?"

त्यांनी माझ्याकडं मी मठ्ठ पोरांकडं बघते तसं बघितलं. "बाईमाणसाला न्हाऊ घालायला गावात बाया न्हाईत व्हय?"

आणि उठले. बोलून टाकल्यावर त्यांच्या पायात बळ आलं असावं. तडक वेशीत. संगमेश्वर आणि कमिटी तिथंच बसली होती. मडिवाळप्पांनी सांगितलं, शेंदूर बाया लावतील. तुळजाबाईला बोलवा.

"आप्पा, बाया वट्यावर चढत न्हाईत. रीत हाय."

"मारुतीच्या वट्यावर चढत न्हाईत. मारुती हाय कुटं?"

कमिटीला माझ्याशी भांडता आलं असतं, तुळजाबाईशी आलं असतं. रीतभात या विषयात मडिवाळप्पांशी कोण भांडणार? सोवळ्याशिवाय त्यांनी कधी त्या पायरीला पाय लावलेला नाही.

जाताना वळून म्हणाले, "आन् आता गड्यांनी बी वर जायचं न्हाई. बाई न्हात आस्ती तितं. काय लाज-शरम हाय का न्हाई?"

संगमेश्वरांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू हे मीच पढवलंय. देवाशपथ, नाही! दगड कसा वाचायचा तेवढं मी शिकवलं होतं. हा धडा माझ्या कुठल्याच पेपरात नाही. मला असा धीट निष्कर्ष काढता आला नसता. मी रीत मोडायला निघाले होते आणि म्हाताऱ्यानं रीत पाळून सगळं उलटं करून ठेवलं.

जीपमध्ये आईला फोन केला. सगळं सांगितलं, नोकरी गेल्याचंसुद्धा. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पुढच्या शनिवारी मला येता येईल का गं?"

२६ एप्रिल, शनिवार

शेंदूर लागला. गावातल्या सगळ्या बाया ओट्यावर, मी आणि माझी आई त्यांच्यात, मडिवाळप्पा खाली लिंबाखाली पाठमोरे बसून काय आधी आणि काय नंतर ते ओरडून सांगताहेत. चेहरा आणि तलवार झाकायची नाही, असं तुळजाबाईनं ठरवलं. लिंबाच्या बांगड्या कुणी हलवल्या नाहीत.

मध्येच प्राचार्यांची गाडी. सोबत फोटोग्राफर. मंगळवारी वर्तमानपत्रात या दगडाची बातमी आली ना, कॉलेजच्या नावासकट; संस्था खूश आहे! बूट काढून पायरीशी आले, खिशातून पाकीट काढलं. "मॅडम, ऑर्डर. पेपर राहतोय. फक्त दगडापाशी एक फोटो —"

पाय उचलला होता. तुळजाबाई आडवी आली, दोन्ही हात कोपरापर्यंत शेंदरानं लाल. "थितंच थांबा, सर. गडीमाणसानं वर यायचं न्हाई. खालून वाचा."

त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. "मॅडम, सांगा की यांना."

मी म्हणाले, "बघते, सर."

ऑर्डर त्यांना हात उंच करून द्यावी लागली. तिच्यावर माझी पाच बोटं शेंदरानं उठली आहेत.